हलता देखावा (सर्व्हो-नियंत्रित)

हलता देखावा म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपात उभारले जाणारे, विजेच्या मोटरींवर हालणाऱ्या मूर्तींचे आणि ध्वनिमुद्रित निवेदनाचे नाट्यदृश्य होय. पुणे, पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या परिसरात पौराणिक, ऐतिहासिक आणि संतचरित्रातील प्रसंगांवर असे देखावे उभारण्याची परंपरा आहे. पूर्वी या मूर्ती एकाच चाकोरीत फिरणाऱ्या मोटरींवर चालत. ठरावीक कोनात वळून तेथे स्थिर राहू शकणारी सर्व्हो मोटर आणि तिला आज्ञा देणारे स्वस्त सूक्ष्मनियंत्रक उपलब्ध झाल्यापासून या मूर्तींची मान, हात, डोळे व जबडा यांची हालचाल स्वतंत्रपणे आखता येऊ लागली. अशा देखाव्यास सर्व्हो-नियंत्रित हलता देखावा म्हणतात. तंत्राच्या दृष्टीने तो स्वयंचलित बाहुलीनाट्याचाच एक प्रकार आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

मराठीत 'देखावा' हा शब्द दृश्य आणि दिखाऊपणा अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. उत्सवाच्या संदर्भात मात्र तो पहिल्याच अर्थाने रूढ आहे. देखाव्याचे स्थिर, हलता आणि जिवंत असे तीन प्रकार मानले जातात. जिवंत देखाव्यात हौशी नट ध्वनिमुद्रित संवादांवर अभिनय करतात. तो पाहण्यास अधिक रसरशीत असतो हे खरे. परंतु एकच प्रसंग एका संध्याकाळी पन्नास वेळा करून दाखवण्याचे कष्ट माणसाला पेलत नाहीत. हलत्या देखाव्याची गरज तेथे निर्माण होते.

निर्जीव बाहुलीस हालवून कथा सांगण्याची कला महाराष्ट्रात जुनी आहे. कळसूत्री बाहुलीसाठी जुन्या मराठीत 'साइखडे' असा शब्द होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या दोन्ही कला जतन केल्या असून त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर करणारे विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले. संस्कृत नाटकातील 'सूत्रधार' हा शब्द बाहुल्यांची सूत्रे धरणाऱ्यावरून आला, असे मत जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी मांडले होते. ते सर्वमान्य नाही. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात हालणाऱ्या यंत्रपुतळ्यांचे वर्णन आहे. तेथे मात्र सूत्रधार म्हणजे वास्तू उभारणारा स्थपती.

युरोपात अठराव्या शतकात घड्याळजींनी या विद्येस मोठी उंची दिली. पिएर जाके-द्रो यांचा १७७४ च्या सुमाराचा 'लेखक' हा पुतळा एकावर एक रचलेल्या कॅमच्या साहाय्याने दौतीत टाक बुडवून अक्षरे लिहितो. तो स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे आजही पाहता येतो. विसाव्या शतकात वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९६३ मध्ये बोलणारे पक्षी आणि १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांचा उठून भाषण करणारा पुतळा सादर केला. ध्वनिफितीवरच नियंत्रणाचे संकेत मुद्रित करणे, ही त्यामागची मुख्य युक्ती होती.

सर्व्होपूर्व यंत्रणा

जुन्या हलत्या देखाव्याचा प्राण म्हणजे मोटारगाडीच्या काचेवरील पुसणी फिरवणारी १२ व्होल्टची वायपर मोटर. ती मोडीत सहज मिळते, दणकट असते आणि तिच्यातील मळसूत्री गिअरमुळे वीज गेली तरी तिच्यावर बसवलेला हात खाली पडत नाही. मोटरच्या अक्षावर केंद्रापासून दूर खिळा असलेली चकती आणि तिला जोडलेला दांडा, एवढ्या साहित्यावर हात वर-खाली करणारा मावळा किंवा मान डोलावणारा हत्ती तयार होतो. अनेक हालचालींचा क्रम लावण्यासाठी लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकीत. रूळ सावकाश फिरे आणि त्यावर टेकलेल्या पात्यांमधून एकेका मोटरीस वीज मिळे. दिव्यांच्या रोषणाईतही हीच युक्ती होती.

या पद्धतीत मोटरीस केवळ 'चालू' आणि 'बंद' एवढीच भाषा कळते. आपला हात आत्ता कोठे आहे, हे तिला ठाऊक नसते. त्यामुळे तलवारीचा वार आणि आशीर्वाद देणे या दोन्ही क्रिया एकाच लयीत होत. प्रसंग गंभीर असला तरी मूर्तीचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हालत राही आणि प्रेक्षकांत हसू पिके. ध्वनिफीत व रूळ यांची गती किंचित वेगळी असल्याने चार-पाच फेऱ्यांनंतर संवाद पुढे आणि कृती मागे, असाही प्रकार होत असे. तरीही हे देखावे वर्षानुवर्षे चालले, यात वायपर मोटरीच्या चिवटपणाचा वाटा मोठा आहे.

औद्योगिक परिसराशी संबंध

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथे वाहन उद्योग आणि त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. पुढे चाकण हे वाहननिर्मितीचे नवे केंद्र बनले. फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे तेथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. अशा कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या यंत्रमानवाचा प्रत्येक सांधा सर्व्हो मोटरवरच फिरतो. मंडळांचे कार्यकर्ते बहुधा याच पट्ट्यातले फिटर, वायरमन, आयटीआयचे विद्यार्थी आणि देखभाल विभागातील कामगार असल्याने लेथवरचे लहानसे काम, वेल्डिंग किंवा रिले जोडणे यांसाठी बाहेरच्या कारागिरावर अवलंबून राहावे लागत नाही. चिखलीतील कुदळवाडी ही भंगार मालासाठी प्रसिद्ध होती, तर पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विद्युत साहित्यासाठी प्रसिद्ध आहे.

कारखान्यातील सर्व्हो आणि मंडपातील सर्व्हो यांत तत्त्व एक असले तरी दर्जाचे अंतर बरेच आहे. औद्योगिक सर्व्होमध्ये विद्युतप्रवाह, वेग आणि स्थान या तिन्हींवर एकात एक गुंफलेले नियंत्रण असते, अक्षाचा कोन अतिसूक्ष्म मोजणारा एन्कोडर असतो आणि अडथळा आल्यास ती तसे मुख्य नियंत्रकास कळवते. देखाव्यात वापरली जाणारी मोटर ही मूळची खेळण्यातील विमानांसाठी बनलेली लहान, स्वस्त मोटर आहे. ती आपल्यापुरते स्थान सांभाळते. नियंत्रकास काहीही कळवीत नाही. हात दोरीत अडकून मोटर जळत असली तरी नियंत्रक पुढची आज्ञा देतच राहतो.

सर्व्हो मोटरचे कार्य

'सर्व्हो' हे नाव सेवक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को यांनी एकोणिसाव्या शतकात जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर वळवणाऱ्या यंत्रणेसाठी ते योजले. सुकाणूधर चाक जितके फिरवी, नेमके तितकेच जड सुकाणू वळून थांबे.

लहान सर्व्होच्या डबीत चार घटक असतात: एकदिश प्रवाहावर चालणारी चिमुकली मोटर, वेग कमी करून बळ वाढवणारी गिअरमाळ, बाहेरच्या अक्षाबरोबर फिरणारा पोटेन्शिओमीटर आणि तुलना करणारे मंडल. पोटेन्शिओमीटर 'सध्या कोठे आहे' ते सांगतो, बाहेरून आलेली आज्ञा 'कोठे असावे' ते सांगते. दोहोंतील फरक शून्य होईपर्यंत मंडल मोटरला एका किंवा दुसऱ्या दिशेने फिरवते. यास प्रत्याभरण म्हणतात. कोणी हात ढकलला तर ती विरोध करते, कारण फरक पुन्हा निर्माण झालेला असतो. वीज बंद होताच मात्र हा विरोध संपतो आणि जड हात खाली येतो. वायपर मोटर येथे सरस ठरते.

आज्ञा स्पंदांच्या रूपात दिली जाते. दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदास ५० वेळा, एक स्पंद पाठवतात. त्याची लांबी सुमारे १.५ मिलिसेकंद असल्यास अक्ष मध्यावर येतो. १ मिलिसेकंदाकडे कमी केल्यास एका बाजूस व २ मिलिसेकंदांकडे वाढवल्यास दुसऱ्या बाजूस वळतो. बऱ्याच मोटरी सुमारे ०.५ ते २.५ मिलिसेकंद या मर्यादेत १८० अंश फिरतात. परंतु प्रत्येक नगाची टोके किंचित वेगळी असतात. ती तपासून लिहून ठेवावी लागतात, अन्यथा मोटर आतल्या अडणीवर आपटून घरघरत राहते.

मोटरीची निवड: चांगदेव-ज्ञानेश्वर भेट

कोणत्या हालचालीस सर्व्हो लावावी आणि कोठे लावू नये, हे एखाद्या प्रसंगावरून चांगले समजते. चाकण रस्त्यालगतच्या आळंदीशी निगडित असलेली चांगदेव-ज्ञानेश्वर भेट सर्वांस परिचित आहे. वाघावर बसून, हाती सर्पाचा आसूड घेऊन चांगदेव येतात आणि निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई बसलेली भिंत त्यांना सामोरी जाते.

यातील भिंत ही सर्वांत जड वस्तू असूनही तिला सर्व्होची गरज नाही. रुळावरील गाडा, गिअर मोटर आणि दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच एवढे पुरते. वाघाची शेपटी अखंड हालत राहिली तरी चालते. तेथे वायपर मोटर व भुजा योग्य. सर्व्होची खरी जागा वाघाचा जबडा, चांगदेवांची मान, त्यांचे दोन्ही हात, ज्ञानदेवांचा उजवा हात आणि मुक्ताबाईची मान येथे आहे. म्हणजे ज्या ठिकाणी हालचालीने काही सांगायचे असते, त्या ठिकाणी. वाघावरून खाली उतरणे यंत्रास जमण्यासारखे नसल्याने चांगदेव बसल्या जागीच नमस्कार करतात. प्रेक्षक ते चालवून घेतात.

निवडीची दुसरी कसोटी टॉर्क किंवा पीळबल ही आहे. लहान सर्व्होचे पीळबल किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये देतात. ९ ग्रॅम वजनाची निळी मोटर सुमारे १.८ आणि धातूच्या गिअरची ५५ ग्रॅमची मोटर ६ व्होल्टवर सुमारे ११ किलोग्रॅम-सेंटिमीटर बळ देते. मनुष्याकृती मूर्तीचा हात ६० सेंटिमीटर लांब, ७०० ग्रॅम वजनाचा आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल, तर तो आडवा धरून ठेवण्यासच ०.७ × २५ = १७.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर लागतात. हालवण्यासाठी आणखी बळ हवे. म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमतेची मोटर घेण्याची वहिवाट आहे.

मोठी मोटर घेण्यापेक्षा हात समतोल करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. खांद्याच्या मागे, मूर्तीच्या पोकळ धडात, १२.५ सेंटिमीटरवर १.४ किलोचे लोखंड बांधले की १.४ × १२.५ = १७.५ होऊन दोन्ही बाजू तुल्य होतात. जुने कारागीर वायपर मोटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी हेच करीत. मात्र वजन वाढल्याने हात चटकन सुरू होत नाही व चटकन थांबतही नाही. तलवार चालवणाऱ्या हातास प्रतिभार सोसत नाही, त्याला स्प्रिंग बरी. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून कागदाचा लगदा, कापड आणि फायबर यांचा आश्रय घ्यावा लागतो. अवयवांचे वजन वाढले, की हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

मोठ्या अवयवांसाठी तिसराही पर्याय आहे. वायपर मोटरीच्या अक्षाला पोटेन्शिओमीटर जोडून, दोन्ही दिशांना प्रवाह देणाऱ्या मंडलाद्वारे ती चालवली, म्हणजे घरच्या घरी मोठी सर्व्हो तयार होते. प्रत्याभरणाचे काम येथे सूक्ष्मनियंत्रकास करावे लागते. दणकटपणा व अचूकता यांचा असा मेळ विकतच्या लहान मोटरींत सापडत नाही.

नियंत्रण आणि हालचालीची आखणी

इटलीत २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी विकसित झालेला आर्डुइनो हा सूक्ष्मनियंत्रक-फलक या कामी सर्वाधिक वापरला जातो. त्याला जोडण्यासाठी पीसीए ९६८५ ही चिप असलेला १६ मोटरींचा चालक-फलक मिळतो. तो २० मिलिसेकंदांच्या कालावधीचे ४०९६ भाग करतो, त्यामुळे एक भाग सुमारे ४.९ मायक्रोसेकंदांचा होतो. १८० अंशांसाठी २००० मायक्रोसेकंद धरल्यास सर्वांत लहान पाऊल ०.४४ अंशाचे पडते. वर सांगितलेल्या प्रसंगास असा एक फलक पुरेसा आहे.

नवख्या मांडणीत आढळणारा मुख्य दोष म्हणजे मोटरला थेट अंतिम कोन सांगणे. अशी आज्ञा मिळताच ती पूर्ण वेगाने धावते, झटक्याने थांबते आणि लांब हात त्यानंतर काही क्षण थरथरतो. मूर्ती यंत्र आहे हे त्या एका झटक्यात उघड होते. त्याऐवजी अंतराचे लहान तुकडे करून दर २० मिलिसेकंदांनी पुढचा कोन देतात. आरंभी व शेवटी पावले लहान, मध्ये मोठी. चांगदेवांचा उजवा हात नमस्कारासाठी ७० अंश वळायचा असून त्यास १.४ सेकंद द्यायचे ठरवले, तर ७० पावले होतात. कोज्या-वक्राने आखणी केल्यास पहिले पाऊल एका अंशाच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान आणि मधले दीड अंशाहून थोडे मोठे येते. डावा हात ५० अंशच वळत असला तरी त्यालाही १.४ सेकंदच द्यावे लागतात. दोन्ही हातांचा वेग सारखा ठेवला तर डावा आधी पोहोचून उजव्याची वाट पाहत बसतो आणि नमस्कार बिघडतो.

अतिसंथ हालचाल ही वेगवान हालचालीपेक्षा अवघड असते. ज्ञानदेवांचा हात ३ सेकंदांत ६० अंश वर यायचा असेल, तर १५० पावलांत सरासरी पाऊल ०.४ अंशाचे होते. ते चालक-फलकाच्या किमान पावलाएवढेच आहे. त्यामुळे हात अडखळत, दाणेदार गतीने वर येतो. यावर आज्ञावलीत उपाय नाही, तो तरफेत आहे. मोटर १२० अंश फिरली असता हात ६० अंश वळेल अशी जोडणी केली, की दाणे निम्मे होतात आणि बळही दुप्पट मिळते.

याहून महत्त्वाचा भाग स्तब्धतेचा आहे. कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार बोलणाऱ्या बाहुलीस हालवतो आणि ऐकणाऱ्या बाहुलीस स्थिर ठेवतो. दृष्टी कोठे लावायची हे प्रेक्षकांस त्यावरून कळते. सोळा मोटरी हाताशी असल्या की त्या सर्व एकाच वेळी चालवण्याचा मोह होतो व मंडपात नुसती वळवळ माजते. चांगल्या आखणीत ज्याचे वाक्य आहे त्याची मान सुमारे अर्धा सेकंद आधी वळते, मग शब्द येतो. ऐकणाऱ्याने वाक्य संपल्यावर एकदा मान हालवली तरी पुरते. प्रेक्षक पाच ते दहा मीटरवर, गर्दीत उभे असतात. बोटांची नजाकत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, मानेचा रोख पोहोचतो.

संवाद आणि जबड्याची हालचाल

ध्वनी व हालचाल यांचा मेळ राखण्यासाठी दोन्हींस एकच कालरेषा देतात. ध्वनिफीत सुरू होताच नियंत्रकाचे घड्याळ शून्यावर येते आणि प्रत्येक कृतीची वेळ त्यापासून मोजली जाते. प्रत्येक खेळानंतर घड्याळ पुन्हा शून्यावर येत असल्याने जुन्या रुळाप्रमाणे चूक साठत जात नाही.

जबड्याबाबत वर्णमालेचे ज्ञान उपयोगी पडते. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांच्या वेळी ओठ मिटतात, 'आ' या स्वरास तोंड सर्वाधिक उघडते, 'इ' व 'उ' यांना बरेच कमी. म्हणूनच शब्दभ्रमकारास पवर्ग सर्वांत अवघड जातो. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव बोलतो तेव्हा बाहुल्याचे तोंड उघडते आणि कलावंताचे मिटलेले असते. यंत्राच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. ओघवत्या मराठी बोलण्यात सेकंदाला पाच-सहा अक्षरे येतात. जबडा १५ ते २० अंशच उघडायचा असल्याने मोटर तेवढी चपळ असते. तरी प्रत्येक अक्षरास तोंड उघडल्यास मूर्ती चघळत असल्यासारखी दिसते. ठळक स्वरावर तोंड उघडणे आणि पवर्गावर ते निश्चित मिटणे एवढे साधले की कान उरलेले भरून काढतो. पैठणच्या रेड्याच्या मुखी वेद, या प्रसंगात रेड्याचा जबडा जड व लांब असल्याने तोही संस्कृत पठणाच्या मंद लयीवरच चालवता येतो. कथेला ती लय शोभते.

काही ठिकाणी आवाजाच्या तीव्रतेवरूनच जबडा आपोआप उघडण्याची सोय करतात. ती सोपी आहे, परंतु पार्श्वसंगीत त्याच वाहिनीवर असल्यास मूर्ती सनईबरोबरही तोंड हालवू लागते. संवाद आणि संगीत स्वतंत्र वाहिन्यांवर मुद्रित करणे आवश्यक ठरते.

वीजपुरवठा

मूर्ती अकारण थरथरू लागल्या, नियंत्रक मध्येच नव्याने सुरू झाला किंवा सर्व हात एकदम उसळले, तर दोष बहुधा आज्ञावलीत नसून विजेत असतो. धातूच्या गिअरची एक मोटर अडल्यास ६ व्होल्टवर सुमारे २.५ अँपिअर खेचते; बारा मोटरींसाठी हा आकडा ३० अँपिअरवर जातो. सूक्ष्मनियंत्रकाच्या फलकातून मोटरींस वीज देणे त्यामुळे सर्वथा वर्ज्य आहे. मोटरींचा पुरवठा वेगळा ठेवून केवळ ऋण टोक समाईक करतात.

तारेची जाडी हा दुर्लक्षित विषय आहे. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहम असतो. मूर्ती पुरवठ्यापासून ५ मीटरवर असल्यास जाऊन-येऊन १० मीटर तार होते. ५ अँपिअर प्रवाहास त्यात १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि ६ व्होल्टची मोटर ४.३ व्होल्टवर धडपडते. उपाय म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट मूर्तीपर्यंत नेऊन तेथे उतरवणे, जाड तार वापरणे आणि मोटरींजवळ मोठा संधारित्र बसवणे. संकेताच्या तारा रोषणाईच्या तारांपासून दूर ठेवाव्या लागतात. आर्डुइनो आणि चालक-फलक यांतील जोडणी तर हातभरच असावी.

गणेशोत्सव भाद्रपदात, पावसाळ्यात येतो. पत्र्याचा मंडप, ओली जमीन, लोखंडी सांगाडा आणि रेलचेल असलेली गर्दी हा धोकादायक संयोग आहे. २३० व्होल्टची बाजू प्रेक्षकांच्या व मूर्तींच्या पलीकडे, बंद पेटीत ठेवणे, ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच लावणे आणि सांगाडा भूसंपर्कित करणे ही किमान दक्षता होय. मंडळाच्या कामातील घाईत पहिली काट भूसंपर्काच्या तारेवरच बसते, हे दुर्दैवाने खरे आहे. विसर्जनाच्या घाईत जनित्रावरून मुख्य पुरवठ्यावर येताना काही क्षण वीज जाते. त्या वेळी मूर्तींचे हात खाली पडतात आणि वीज येताच उसळून वर जातात. हे टाळण्यासाठी मोटरी एकेक करून, थोड्या अंतराने जागवतात, आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी मूर्ती हात खाली असलेल्या विश्रांतीच्या स्थितीत आणून ठेवतात.

दहा दिवसांचा ताण

गौरी विसर्जनानंतर देखावे पाहणाऱ्यांची गर्दी वाढते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास एरवी बंदी असते, उत्सवातील ठरावीक दिवशी शासन बारापर्यंत सवलत देते. संध्याकाळचे पाच तास आणि सहा मिनिटांची एक फेरी धरल्यास दिवसाला ५०, दहा दिवसांत ५०० खेळ होतात. प्रत्येक खेळात हात वीस वेळा हालत असेल, तर त्या मोटरीच्या दहा हजार हालचाली झाल्या. प्लॅस्टिकचे गिअर एवढे टिकत नाहीत. त्यातही झीज सर्व दातांची सारखी होत नाही. हात ज्या कोनात बराच वेळ तोलून धरलेला असतो, तेथील दात आधी जातात. अनुभवी कार्यकर्ते प्रत्येक प्रकारच्या दोन मोटरी जवळ बाळगतात, शिवाय मूर्तीच्या पाठीला अशी झडप ठेवतात की वस्त्रे न उतरवता मोटर बदलता यावी. रंगकाम सुंदर आणि पाठ बंद, अशी मूर्ती सातव्या दिवशी स्थिर देखाव्यात जमा होते.

उत्सव संपल्यावर मूर्ती उतरवून साठवतात किंवा लहान गावांतील मंडळांना देतात. पुन्हा जुळवताना एक बारीक अडचण येते. लहान सर्व्होच्या अक्षावर बहुधा २५ खाचा असतात आणि हाताचा दांडा त्यांवर कोणत्याही खाचेत बसतो. एक खाच चुकली की संपूर्ण हात १४.४ अंशांनी सरकतो: आज्ञावली तीच, मोटर तीच, पण चांगदेवांचे तळवे एकमेकांस चुकवून जातात. म्हणून उतरवण्यापूर्वी मोटर मध्यस्थितीत आणून अक्ष व दांडा या दोहोंवर रंगाची एक सलग रेघ ओढतात, आणि मोटरीचा क्रमांक व तिच्या दोन्ही टोकांचे स्पंदमूल्य मूर्तीच्या आतल्या बाजूस लिहून ठेवतात.